पालथ्या पत्त्यांचा न्याय

नेपरव्हिलमध्ये कसिनो नाही. शिकागोच्या पश्चिमेला, ड्यूपेज नदीच्या काठी वसलेल्या या सुमारे दीड लाख वस्तीच्या शहराची ख्याती चांगल्या शाळा, ग्रंथालय आणि नदीकाठची विटांची पायवाट यांसाठी आहे. 1966 मध्ये बेल लॅब्जची इंडियन हिल प्रयोगशाळा इथे आली आणि पुढच्या दशकांत अभियंत्यांची वस्ती वाढत गेली. त्यात भारतीय घरे आली, मराठी घरेही आली. पोकरच्या टेबलावर बसायची इच्छा झाली तर मात्र इथून फार लांब जावे लागत नाही. पश्चिमेला शहराला लागून ऑरोरा आहे, फॉक्स नदीवर; दक्षिणेला जोलिएट, डेस प्लेन्स नदीवर. नद्यांची नावे मुद्दाम घेतली, कारण इलिनॉय राज्याने 1990 च्या कायद्याने जुगाराला जी परवानगी दिली ती नदीतल्या बोटीवरच दिली, आणि शिकागो ज्या कुक काउंटीत आहे तिला वगळून दिली. म्हणून शिकागोच्या गिऱ्हाइकाला उपनगरांच्या नद्यांवर यावे लागले. 1992 मध्ये जोलिएटला एम्प्रेस सुरू झाली, 1993 मध्ये तिथेच हॅराज आणि ऑरोराला हॉलीवूड. 1999 पर्यंत खेळ चालवायचा तर बोटीने धक्का सोडून फेरी मारायची, असा दंडक होता. पुढे धक्क्याला बांधलेली बोट चालू लागली, 2019 च्या कायद्याने जमिनीवरची इमारतही चालू लागली, आणि एम्प्रेसचा वारसा सांगणारे जोलिएटचे हॉलीवूड 2025 च्या ऑगस्टमध्ये नदी सोडून महामार्गाशेजारच्या नव्या वास्तूत गेले.

ही बोट म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या मिसिसिपीची आठवण होती, आणि आमदारांनी ती आठवण जाणूनबुजून वापरली. पण त्या जुन्या बोटींनी खरोखर मागे ठेवलेली गोष्ट वेगळी आहे. ती आहे डावाच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटाची कायदेपद्धती. आजच्या प्रचलित पोकरमध्ये, म्हणजे होल्डेममध्ये, प्रत्येकाकडे दोन पालथे पत्ते असतात आणि टेबलाच्या मध्यभागी पाच उताणे. शेवटची पैज लागते, कोणीतरी तेवढेच पैसे टाकून ती स्वीकारतो, आणि मग पत्ते दाखवायची वेळ येते. इथे भांडणे होतात. पैज लावणारा म्हणतो, ‘जिंकलास तू,’ आणि आपले पत्ते पालथेच पुढे सरकवतो. स्वीकारणारा म्हणतो, ‘आधी तू दाखव.’ बाजूला बसलेला तिसरा, ज्याने डाव कधीच सोडला आहे, म्हणतो, ‘मला ते पत्ते बघायचे आहेत.’ मग टेबलावर कुजबुज सुरू होते: हरलेल्याचे पत्ते मागणे असभ्यपणाचे आहे, नवशिक्याला लाजवू नये, खेळ अडवू नये. सगळे शिष्टाचाराच्या भाषेत बोलतात. माझे म्हणणे असे की ही भाषाच फसवी आहे. पत्ते उताणे करण्याचे नियम मुळात पुराव्याचे नियम आहेत, ज्यांना कोर्टाचे दार बंद होते अशा लोकांनी ते घडवले, आणि त्यांना केवळ सभ्यतेची बाब समजल्यामुळे गेल्या वीसेक वर्षांत त्यांतला एक महत्त्वाचा हक्क जवळजवळ हातचा गेला.

कोर्टाचे दार बंद होते हे शब्दशः खरे आहे. इंग्लंडमध्ये 1710 साली, राणी ॲनच्या काळात, कायदा झाला की जुगारात दहा पौंड किंवा अधिक हरलेल्याला ते पैसे दावा लावून परत मागता येतील, आणि जुगाराच्या देण्यापोटी लिहून दिलेले कागद रद्दबातल धरले जातील. हा कायदा अटलांटिक ओलांडून अमेरिकी राज्यांत उतरला. इलिनॉयमध्ये त्याचा वंशज आजही पुस्तकात आहे: बेकायदा जुगारात पन्नास डॉलर किंवा अधिक हरलेला माणूस जिंकणाऱ्यावर दावा लावू शकतो, आणि सहा महिन्यांत त्याने तो लावला नाही तर कोणीही तिऱ्हाईत तिप्पट रकमेसाठी लावू शकतो. परवाना घेतलेल्या बोटी यातून सुटल्या आहेत. आपल्याकडेही तेच बी रुजले. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 ने पैजेचा करार निरर्थक ठरवला, आणि मुंबई इलाख्याने तर त्याआधीच, 1865 च्या कायद्याने, पैजेच्या पोटात केलेले जोडकरारही निरर्थक करून टाकले होते. याचा व्यवहारातला अर्थ असा: पत्त्यांच्या डावात ‘मी जिंकलो’ असे दोघांनी म्हटले तर न्यायाधीश त्या वादात हात घालणार नाही. वाद मिटायला हवा तर तो टेबलावर, तिथल्या तिथे, सर्वांच्या डोळ्यांदेखत मिटायला हवा. सरकारी न्याय नसलेल्या ठिकाणी लोक न्याय सोडून देतात असे नाही. ते पुराव्याची स्वतःची पद्धत तयार करतात, आणि ती बहुधा सरकारी पद्धतीपेक्षा कडक असते, कारण तिला अपील नसते.

नेपरव्हिलच्या स्वतःच्या इतिहासात याचे एक उदाहरण आहे, आणि त्याचा पत्त्यांशी काही संबंध नसल्यामुळेच ते जास्त बोलके वाटते. 1831 मध्ये जोसेफ नेपर, सरोवरांवरचा जहाजाचा कप्तान, काही कुटुंबे घेऊन या नदीकाठी आला. त्या वेळी इथली जमीन अजून विक्रीला निघालेली नव्हती. जो तो खुणा करून, नांगर घालून, ‘ही माझी’ म्हणत होता, आणि त्या म्हणण्याला सरकारी कागद नव्हता. 1834 मध्ये गावात उभ्या राहिलेल्या खानावळ-सरायीचे नाव प्रीएम्प्शन हाउस पडले. प्रीएम्प्शन म्हणजे आधी येऊन वसलेल्याचा आधी विकत घेण्याचा हक्क. 1836 मध्ये शेजारच्या बिग वुड्स भागातल्या वसाहतकऱ्यांनी दाव्यांच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि शेजाऱ्यांमधले हद्दीचे तंटे आपसात तोडायला सुरुवात केली. अशा व्यवस्थेत तोंडी सांगण्याला किंमत कमी आणि दिसणाऱ्या खुणेला जास्त असणार, हे ओघाने येते. तीन दशकांनी याच गावाने पुराव्याची दुसरी बाजूही अनुभवली. काउंटीचे मुख्यालय नेपरव्हिलला की व्हीटनला, यावर 1867 मध्ये मतदान झाले आणि व्हीटन थोड्या मतांनी जिंकले. नेपरव्हिलकर दप्तर सोडेनात. शेवटी व्हीटनच्या लोकांनी रात्री येऊन कचेरीतल्या नोंदी उचलून नेल्या. जे दप्तर मागे उरले ते सुरक्षित राहावे म्हणून शिकागोला हलवले गेले आणि 1871 च्या मोठ्या आगीत जळाले. राख झालेल्या कागदात काय होते यावर कितीही वाद घातला तरी तो सुटत नाही. पोकरच्या टेबलावर टाकून दिलेल्या पत्त्यांचा ढीग असतो, खेळाडू त्याला मक म्हणतात. त्या ढिगात मिसळून गेलेल्या पत्त्याची अवस्था नेमकी हीच असते.

आता बोटींकडे वळू. पोकरची सर्वांत जुनी वर्णने मिसिसिपी आणि तिच्या उपनद्यांवरची आहेत. जो कॉवेल या इंग्रज नटाने 1829 सालच्या बोटप्रवासात पाहिलेला डाव 1844 मध्ये छापलेल्या आठवणींत नोंदवला. तेव्हा खेळ वीस पत्त्यांचा होता: एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे पत्ते, चार माणसे, प्रत्येकाला पाच, म्हणजे जोड पूर्ण संपतो. बदलायला पत्ता नाही, मध्ये उताणा पत्ता नाही. कॉवेलच्या हकिकतीत बोट धुक्यात अडखळते आणि त्या धांदलीत पिसणाऱ्या ठगाने लावून ठेवलेला डाव भलत्याच्याच हातात जातो. ही हकिकत लोक गंमत म्हणून सांगतात, पण तिच्यातली माहितीची बाजू पाहा. डाव लावलेला होता हे बाकीच्यांना कळायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे सगळ्यांचे पत्ते उताणे होणे. वीस पत्त्यांच्या डावात चौघांचेही पत्ते दिसले तर संपूर्ण जोड डोळ्यांसमोर येतो. एखादा एक्का दोनदा आला तर लपत नाही. जोनाथन ग्रीन या पश्चात्ताप झालेल्या जुगाऱ्याने 1843 मध्ये फसवणुकीच्या कलांचे पुस्तक काढले, आणि त्याच्या आठ वर्षे आधी मिसिसिपीकाठच्या व्हिक्सबर्गमध्ये जमावाने पाच जुगाऱ्यांना फासावर लटकवले होते. एका टोकाला फास, दुसऱ्या टोकाला फसलेल्याचे मुकाट गिळणे. या दोहोंच्या मध्ये ‘पत्ते मांड’ हा नियम उभा राहिला. त्याला शिष्टाचार म्हणणे म्हणजे तराजूला दागिना म्हणण्यासारखे आहे.

खेळ बोटीवरून क्लबात आणि दिवाणखान्यात शिरला तेव्हा नियम लिहून काढायची गरज पडली. रॉबर्ट शेंक हे ओहायोचे जनरल आणि राजकारणी 1871 ते 1876 या काळात ब्रिटनमध्ये अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी होते. त्यांनी एका इंग्रज यजमानीणबाईंसाठी ड्रॉ पोकरचे नियम लिहून दिले आणि ते छापले गेले. पुढच्या नियमपुस्तकांतून एक तत्त्व हळूहळू पक्के झाले, ज्याला आज पोकरच्या खोल्यांत ‘पत्ते बोलतात’ अशा अर्थाच्या दोन शब्दांत सांगतात. तोंडाने ‘माझा फ्लश आहे’, म्हणजे पाचही पत्ते एकाच चिन्हाचे आहेत, असे म्हटले म्हणून फ्लश होत नाही, आणि ‘माझी एकच जोडी’ म्हटले म्हणून पत्त्यांत असलेला फ्लश जात नाही. टेबलावर उताणे पडलेले पत्ते हाच दस्तऐवज. ज्यांना आपला 2024 पर्यंत लागू असलेला 1872 चा पुरावा कायदा आठवतो त्यांना यात ओळखीचा चेहरा दिसेल: व्यवहार लेखी झाला की त्याच्या मजकुराविरुद्ध तोंडी साक्ष सहसा चालत नाही, हे कलम 91 आणि 92 चे सूत्र. पोकरने मात्र पुढचे पाऊल टाकले. मुद्दाम खोटा हात सांगून समोरच्याला पत्ते टाकायला लावणे हा लबाडीचा प्रकार ठरवला आणि त्यासाठी पैशांवरचा हक्क काढून घेण्यापर्यंत शिक्षा ठेवली. म्हणजे बोलण्याने पुरावा बनत नाही, पण बोलून दुसऱ्याचा पुरावा नष्ट करायला लावणे हा गुन्हा. हा भेद मला फार सूक्ष्म आणि न्याय्य वाटतो.

पत्त्यांनी बोलायचे, माणसांनी नाही, हे किती उशिरापर्यंत सर्वमान्य झाले नव्हते याची एक ठळक खूण लास वेगासमध्ये सापडते. 1970 मध्ये बिनियन्स हॉर्सशूमध्ये पहिली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर भरली तेव्हा विजेता ठरवण्यासाठी खेळाडूंनी मतदान केले, आणि जॉनी मॉस निवडून आले. दुसऱ्याच वर्षी ही पद्धत सोडून, एकाकडे सगळ्या चिप्स येईपर्यंत खेळायचे असा नियम लागू झाला. कोण सर्वांत चांगला खेळतो यावर तज्ज्ञांचे मत घेण्यात गैर काही नव्हते, पण बाहेरच्या माणसाला मत तपासता येत नाही आणि चिप्स मोजता येतात.

नियमांना आजचा आकार देण्यात कॅलिफोर्नियाच्या गार्डिना गावाचा वाटा वेगासइतकाच आहे असे मला वाटते, आणि त्याला श्रेय कमी मिळते. त्या राज्याच्या 1885 च्या कायद्याने ‘स्टड-हॉर्स पोकर’ला नावाने बंदी घातली होती; ड्रॉ पोकरचे नाव त्यात नव्हते. त्या फटीतून 1936 पासून गार्डिनात पत्त्यांचे क्लब उभे राहिले आणि पन्नास वर्षे तिथे ड्रॉ पोकरच चालला. या क्लबांत क्लबचा नोकर पत्ते वाटत नसे. खेळाडू आळीपाळीने स्वतः वाटत, आणि क्लब जागेचे भाडे वेळेच्या हिशेबाने घेई. वाटणारा स्वतः डावात भागीदार असेल तर संशयाला तोटा नाही. म्हणून टेबलांमधून फिरणाऱ्या फ्लोअरमनचा शब्द अंतिम आणि पत्ते पूर्ण उताणे करण्याची सवय सक्तीची. आज जोलिएटच्या टेबलावर पगारी डीलर बसतो, छतावर कॅमेरे असतात, आणि राज्याच्या गेमिंग बोर्डाचे अधिकारी कसिनोत हजर असतात. तरीही फ्लोअरला हाक मारण्याची रीत त्या काळाचीच आहे.

आता तो हक्क, ज्यावरून सर्वांत जास्त भांडणे होतात. बॉब सियाफोन यांनी संकलित केलेली, अनेक खोल्यांनी वापरलेली नियमावली सांगते की ज्याला त्या डावात पत्ते मिळाले होते असा कोणताही खेळाडू, शेवटपर्यंत टिकलेल्या कोणाचेही पत्ते दाखवा म्हणू शकतो, ते पालथे टाकून दिले असले तरी. लगेच पुढे पुस्ती आहे की ही सवलत आहे, दुरुपयोग झाला तर काढून घेता येते. आणि एक बारीक तरतूद: जिंकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी टाकलेले पत्ते मागितले तर ते पत्ते मेलेलेच राहतात, खुद्द जिंकणाऱ्याने मागितले तर ते जिवंत होतात, आणि ते सरस निघाले तर पैसे त्यांना. म्हणजे जिंकलेला माणूस केवळ उत्सुकतेपोटी विचारेल तर स्वतःचा विजय पणाला लावून विचारेल. या तरतुदीमागचे कारण एकच होते, संगनमत. दोन मित्र टेबलावर बसून तिसऱ्याला मध्ये धरून पैजा वाढवत नेतात. तिसरा घाबरून सोडतो. मग एक मित्र ‘जिंकलास तू’ म्हणून कचरा पत्ते पालथे टाकतो. ते पत्ते कोणी पाहिले नाहीत तर ही चोरी कधीच दिसत नाही. पाहिले तर एकदा योगायोग वाटेल, पण तिसऱ्यांदा वाटणार नाही.

2003 मध्ये टेनेसीतल्या ख्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने वर्ल्ड सिरीजचा मुख्य सामना जिंकला, 839 खेळाडूंमध्ये, पंचवीस लाख डॉलर. त्याच वर्षी खेळाडूंचे पालथे पत्ते छुप्या कॅमेऱ्याने दाखवणारे सामने अमेरिकी दूरचित्रवाणीवर गाजले. त्या कॅमेऱ्याची कल्पना पेटंट करणारे हेन्री ओरेनस्टाइन हे नाझी छळछावण्यांतून वाचलेले खेळणी-निर्माते. या दोन गोष्टींनी टेबले नवशिक्यांनी भरली, आणि त्या नवशिक्यांना पडद्यावर सगळ्यांचे पत्ते बघायची सवय होती. ‘दाखव’ म्हणणे वाढले. ते संशयापोटी नव्हते. समोरचा कसा खेळतो हे शिकण्यासाठी होते, कधी त्याला डिवचण्यासाठी. जुन्या खेळाडूंनी नाके मुरडली आणि खोल्यांनी हक्क आखडला. 2001 मध्ये मॅट सॅव्हेज, लिंडा जॉन्सन, जॅन फिशर आणि डेव्ह लॅम्ब यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या टुर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे नियम स्पर्धांसाठी आहेत, पण रोजच्या रोख खेळावरही त्यांची छाया पडते. त्यांनी आज रेषा अशी आखली आहे: शेवटच्या फेरीत पैज लागली आणि कोणी ती स्वीकारली, तर पैज लावणाऱ्याचे पत्ते बघणे हा स्वीकारणाऱ्याचा अबाधित हक्क, बाकी सगळ्या मागण्या संचालकाच्या मर्जीवर.

या आखडण्याच्या बाजूने जे बोलले जाते ते दुबळे नाही. पहिला युक्तिवाद असा की हरलेल्याचे पत्ते ही त्याची मालमत्ता आहे. कुठल्या हातावर तो फसवी पैज लावतो ही त्याची विद्या, आणि ती फुकट का द्यायची? मला हे अर्धे पटते. ज्याने डाव आधीच सोडला, एक पैसाही शेवटच्या पैजेत घातला नाही, त्याला ती विद्या फुकट मिळू नये, कबूल. पण ज्याने पैसे मोजले त्याने त्यातच बघण्याची किंमत भरली आहे. दुसरा युक्तिवाद वेळेचा: तासाला जेमतेम तीसेक डाव होतात, प्रत्येक डावाला तपासणी सुरू झाली तर खेळ मरतो. खरे आहे, पण वेळ खाणारी गोष्ट बघणे नसते. ‘आधी कोण’ यावरची ताणाताणी वेळ खाते, आणि त्याला नियम स्पष्ट आहे. शेवटची आक्रमक पैज ज्याची, त्याने आधी दाखवायचे. पैजच लागली नसेल तर ज्याची पहिली बोली असते त्याने. हा क्रम डीलरने ठामपणे लावला तर निम्मी भांडणे उरत नाहीत. तिसरा युक्तिवाद माणुसकीचा, आणि तोच टेबलावर सर्वांत जास्त ऐकू येतो: चुकीचा खेळ केलेल्या पाहुण्याला चारचौघांत उघडे पाडू नये. या भावनेचा मला आदर आहे. पण तिची दिशा तपासून पाहावी. पत्ते पालथे टाकायची मोकळीक दिल्याने नवशिक्याचा मान राखला जातो खरा, मात्र तीच मोकळीक संगनमत करणाऱ्या दोघांना सर्वांत जास्त उपयोगी पडते, आणि त्यांचे सावज बहुतेक वेळा तोच नवशिका असतो.

चौथा आक्षेप आधुनिक आहे: आता कॅमेरे आहेत, डोळ्यांची गरज काय? छतावरचा कॅमेरा चिप्स पाहतो, हात पाहतो, पण रोजच्या खेळात टेबलावर पालथा सरकलेला पत्ता त्यालाही पालथाच दिसतो. ओरेनस्टाइनची युक्ती दूरचित्रवाणीच्या टेबलाला असते, शनिवारी रात्रीच्या साध्या टेबलाला नाही. उलट यंत्राच्या बाजूने जो खरा पुरावा आहे तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. 2007 मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकर या संगणकावरच्या खोलीत एक खाते अशक्य वाटावे असे अचूक खेळत होते. संशय घेणाऱ्या खेळाडूंच्या हाती एका स्पर्धेची अशी फाइल लागली जिच्यात सर्वांचे सगळे पत्ते नोंदलेले होते. त्यांनी डावामागून डाव ताडून पाहिला आणि दिसले की तो खेळाडू जणू सगळ्यांचे पत्ते पाहूनच चालत होता. चोरी पकडली गेली ती कंपनीच्या पहाऱ्याने नव्हे, तर सामान्य खेळाडूंना हरलेले पत्ते पाहायला मिळाले म्हणून.

म्हणून मला वाटते की ‘दाखव’ या एका शब्दात दोन वेगळ्या मागण्या मिसळल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय हा तंटा सुटणार नाही. एक आहे विकत घेतलेला हक्क. पैज स्वीकारणाऱ्याने पैसे भरले, त्याला पत्ते सर्वांसमोर उताणे मिळावेत, त्याला ‘कशाला मागतोस’ असे कोणी विचारू नये आणि त्याने संकोचू नये. दुसरी आहे तिसऱ्या माणसाची शंका. ती फेटाळू नये, पण तिचे उत्तर सगळ्या टेबलाला पत्ते दाखवणे हे नाही. फ्लोअरने येऊन ते दोन पत्ते ढिगात मिसळण्याआधी उचलावेत, स्वतः पाहावेत, डाव लक्षात ठेवावा आणि पत्ते पालथेच परत ठेवावेत. शंका घेणाऱ्याला माहिती मिळत नाही, पण पुरावा जळत नाही. पहिल्या मागणीत हिशेब आहे आणि दुसरीत तपास, आणि तपास करणारा साक्षीदारांपेक्षा वेगळा असावा हे साधे आहे.

हा भेद आपल्या तीन पत्तीने केव्हाच केला आहे. दिवाळीत घराघरांत, मुंबईत तसेच नेपरव्हिलमध्ये, जो खेळ रंगतो त्यात शो फुकट मिळत नाही. शेवटचे दोघे उरल्यावर शो मागणारा त्याची किंमत आधी मधे टाकतो, मग दोघांचे पत्ते उताणे होतात. आणि दोघांचे पत्ते सारखे निघाले तर हरतो तो मागणारा. साइड शोही तसाच: पत्ते पाहून खेळणारा आपल्या आधीच्या तशाच खेळाडूला पैसे टाकून विचारतो, त्याने नकार दिला तर गप्प बसतो, होकार मिळाला तर दोघेच एकमेकांचे पत्ते पाहतात, बाकीचे नाही, आणि हरलेला पॅक करतो, म्हणजे डाव सोडतो. सार्वजनिक शो आणि खाजगी तुलना यांच्यातली रेघ इथे स्पष्ट आहे, आणि विचारण्याला दोन्हीकडे किंमत आहे. पोकरने मागणे आधी फुकट ठेवले, ते फुकट असल्यामुळे बोकाळले, मग त्याला आवर घालताना शेवटी ‘ज्याने पैसे भरले त्याचा हक्क अबाधित’ इथे येऊन पोचला. दोन खेळ वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी आले हे मला योगायोगाचे वाटत नाही. कोर्ट दोघांनाही नव्हते, आणि नातेवाइकांच्या बैठकीत तर फ्लोअरमनही नसतो.

या नियमाला एक अट आहे आणि ती सौजन्याच्या भरात विसरली जाते. पैज स्वीकारणाऱ्याचा हक्क तोवरच टिकतो, जोवर त्याचे स्वतःचे पत्ते त्याच्याकडे आहेत किंवा टेबलावर उताणे मांडले आहेत. समोरच्याने ‘जिंकलास तू’ म्हणताच, त्याने पत्ते दाखवायची वाट न पाहता, पुष्कळजण आनंदाने आपले पत्तेही पालथे ढकलून देतात. त्या क्षणी मागण्याचा हक्क जातो, आणि पैशांवरचा दावाही लोंबकळतो, कारण कोणाचेच पत्ते टेबलावर उरत नाहीत. उताणा मांडलेला, उघडपणे जिंकणारा हात डीलरला चुकूनही मारता येत नाही. पालथा ढकललेला हात मात्र त्याच्या एका हालचालीने ढिगात जातो. म्हणून जोलिएटच्या टेबलावर पहिल्यांदा बसणाऱ्याने, शेवटची पैज स्वीकारल्यावर, समोरचे पत्ते उताणे होईपर्यंत आपले दोन पत्ते तळहाताखाली धरून ठेवावेत, आणि पैसे आपल्याकडे सरकेपर्यंत ते डीलरच्या हाती देऊ नयेत.